पहिल्या दिवसाचा आवाज

पान उलटायच्या आतच काकांच्या लक्षात आलं, की डावी नाकपुडी मिटायला लागली आहे. आधी आत बारीकसं भरून आल्यासारखं वाटतं, मग कुणीतरी पलीकडून हळूच दार लोटून घ्यावं तसं होतं. समोर माईक, माईकपलीकडे काच, काचेमागे रेकॉर्डिंग करणारा कानसेन आणि भिंतीवर लाल दिवा. कादंबरीतला दीपगृहाचा म्हातारा रखवालदार वादळात गोल जिना चढत होता. काकांनीही त्याच्याबरोबर चढायचं, पण त्यांचं सगळं चित्त नाकाच्या शेंड्यावर.

“मनात माझ्या...” काका वाचायला गेले, आणि ऐकू आलं ते “बदात बाझ्या.”

लाल दिवा विझला. हेडफोनमध्ये कानसेन म्हणाला, “काका, रखवालदाराला सर्दी झाली का?”

“दोन मिनिटं द्या. जरा पाणी पिऊन येतो.”

“पाणी तुमच्यासमोरच आहे.”

“ते नको,” म्हणत काका उठले.

बाथरूमची कडी लावून त्यांनी खिशातली बाटली काढली. दोन फवारे डावीकडे, दोन उजवीकडे. मान मागे टाकून जोरात ओढून घेतलं, तसं औषध घशात उतरून कडूजार लागलं. मग आरशाकडे न बघता ते वाट पाहत उभे राहिले. हे वाट पाहणंच हल्ली लांबत चाललं होतं. सुरुवातीला फवारा मारायचा अवकाश, की नाक मोकळं, आणि दिवसभराची निश्चिंती. आता नाक फवाऱ्याला दाद देईना, आणि मोकळेपणा आलाच तर तो घाईतल्या पाहुण्यासारखा, चप्पल न काढता दारातूनच परत जाणारा. पूर्वी एका फवाऱ्यात अख्खं प्रकरण वाचून व्हायचं. आज अर्धंही झालं नव्हतं.

त्यांना पुस्तककाका हे नाव स्टुडिओतल्या लोकांनी दिलं होतं. उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. छापखाना बंद पडला तेव्हा ओळखीच्या एकाने, तुमचा आवाज बरा आहे, म्हणून इथे आणून सोडलं. पुस्तकं वाचायला मिळतील या आशेने काका आले आणि मिळालं काय, तर लिफ्ट. “कृपया दारापासून दूर उभे राहा” म्हणणारा शहरातल्या निम्म्या लिफ्टांमधला सभ्य गृहस्थ म्हणजे काका. फोनवर “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे” असं सांगणारेही तेच. आणि औषधांच्या जाहिरातीच्या शेवटी “वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा” एवढं एका दमात बोलून पळ काढणारेही तेच. वर्षानुवर्षं हेच. मग ही कादंबरी आली. दीपगृह सांभाळणाऱ्या एका घराण्याच्या तीन पिढ्या, चांगली उशाला घ्यावी एवढी जाड. ठरलेला वाचक ऐनवेळी दुसऱ्या कामात अडकला आणि मॅडमनी, म्हणजे ही ऑडिओबुकं काढणाऱ्या बाईंनी, काकांना विचारलं. मॅडमनी दुसऱ्याच कुणाला लावायचा फोन चुकून आपल्याला लावला असावा, हा संशय काकांच्या मनातून अजून गेला नव्हता.

आणि नेमकी पहिल्याच दिवशी सर्दी. आदल्या संध्याकाळी घरी मेहुणा आला होता. काकांचा चेहरा पाहून तो म्हणाला, “भाऊजी, एवढ्यासाठी काय रडता?” त्याने शर्टाच्या खिशातून अर्धी वापरलेली बाटली काढली, रुमालाने टोक पुसलं आणि काकांच्या हातात ठेवली. “घ्या. मी कितीतरी वर्षं हिच्यावरच जगतोय. मारा आणि सुटा.”

काका सुटले. पहिल्या दिवशी आवाज असा काही लागला, की कानसेन काचेमागे उभाच राहिला. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे; आतल्या माणसाने बाही सारखी केली तरी त्याला ती ऐकू जाई, म्हणून कानसेन. “हाच,” तो म्हणाला. “पुस्तक संपेपर्यंत मला हाच आवाज पाहिजे.”

तिथेच सगळा घोळ झाला. मोठ्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग आठवडेच्या आठवडे चालतं, पण ऐकणाऱ्याला ते एका बैठकीत वाचल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून कानसेन रोज सुरुवातीला पहिल्या दिवसाचं एक पान हेडफोनमध्ये ऐकवी. वाचणाऱ्याने तो आवाज पकडायचा आणि मगच पुढे जायचं. सर्दी आली तशी गेली. पण पहिल्या दिवसाचा आवाज हा फवाऱ्याचा आवाज होता! काकांनी एकदा फवारा न मारता वाचून पाहिलं, तर आवाज जरा खाली, जरा जड लागला. कानसेनने नकारार्थी मान हलवली. काका बाथरूममध्ये जाऊन फवारा मारून आले. कानसेनने अंगठा वर केला. त्या दिवसापासून काकांच्या लेखी बाटली हे औषध राहिलंच नाही. चष्मा, पेन्सिल, बाटली, असं ते वाचायच्या सामानातलं एक सामान झालं. आणि सामान किती दिवस वापरायचं, हे कोण कुणाला विचारतं?

बाथरूममधून परत येऊन त्यांनी आज रखवालदाराला कसंबसं जिन्याच्या टोकाला पोचवलं.

घरी आले तर बायको दारातच उभी. तिच्या हातात काकांचा जुना बूट.

“अहो, ही बुटात काय करतेय?”

“कोण?”

“कोण म्हणजे? बाटली!” तिने बूट उलटा केला. “एक पुस्तकांच्या कपाटात मिळाली, एक उशीच्या अभ्र्यात. लोक दारूच्या बाटल्या लपवतात. तुम्ही नाकाच्या लपवता!”

“लपवत नाही. हाताशी असावी म्हणून ठेवतो.”

“बूट हाताशी असतो का?”

काका खुर्चीत बसले, उठले, खिडकी उघडली, परत बसले. नाक पुन्हा चोंदलं होतं. तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीभ लाकडासारखी झाली होती. छातीत धडधडत होतं, आणि ते धडधडणं त्यांनी बायकोला सांगितलेलं नव्हतं. पण बायको नुसतं बघत राहिली की काकांना खोटं बोलणं जमत नसे.

“छातीत जरा... म्हणजे विशेष काही नाही...”

“चपला घाला,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“नाही, पुस्तक संपल्यावर! घाला म्हणते ना.”

नाक-कान-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर एका नाकाचा उभा कापलेला प्लॅस्टिकचा नमुना होता. काकांची नजर त्याच्यावरून हलेना. त्या नाकात सगळीकडून कसं ऐसपैस मोकळं होतं!

“स्प्रे वापरता?” डॉक्टरांनी विचारलं.

“अधूनमधून.”

“शेवटचा कधी मारला?”

“खाली, रिक्षातून उतरताना,” बायको म्हणाली.

“आत्ता खिशात आहे?”

काकांनी एक काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर बघतच राहिल्या. काकांनी दुसऱ्या खिशातली काढली. मग बायकोने पर्स उघडली आणि बुटातली, कपाटातली आणि अभ्र्यातली अशा तिन्ही त्यांच्याशेजारी मांडल्या. प्लॅस्टिकचं नाक मधोमध आणि भोवती बाटल्या, असं ते दिसायला लागलं.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी आधी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि विचारलं, “ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे?”

“आहे ना,” बायको म्हणाली. “रोज सकाळी.”

“मग हे विचारल्याशिवाय घ्यायचंच नव्हतं. हे औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणून नाक मोकळं होतं. पण ते थोडंफार अंगातही भिनतं. ज्यांना ब्लडप्रेशर आहे, हृदयाचं काही आहे, काचबिंदू आहे, त्यांनी जपायचं. धडधड होते?”

काकांनी प्लॅस्टिकच्या नाकाकडे बघत मान हलवली.

“आणि बाकीच्यांनीसुद्धा घ्यायचं ते तीनच दिवस. फार तर पाकिटावर लिहिलंय तितकेच. त्यापुढे काय होतं, औषध उतरलं की आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. तुम्हाला वाटतं सर्दी परत आली. तुम्ही पुन्हा मारता. ते पुन्हा सुजतं.”

“पण माझी सर्दी तर केव्हाच गेली,” काका म्हणाले.

“तेच तर सांगतेय. आता तुमचं नाक सर्दीमुळे बंद नाही. स्प्रेमुळे बंद आहे.”

बायको म्हणाली, “जगाला सांगत फिरतात, वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा!”

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. “अय्या, तो आवाज तुमचा?”

काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आवाजावरून ओळखलं होतं, आणि ते अशा वेळी. जमीन दुभंगली तर बरं, असं त्यांना झालं.

डॉक्टरांनी बंद कसं करायचं ते सांगितलं. झेपत असेल तर एकदम, नाहीतर आधी एका नाकपुडीत थांबवायचं, ती मोकळी झाली की दुसरीत. मधल्या काळात मिठाच्या पाण्याचा साधा फवारा हवा तितका. शिवाय त्यांनी एक वेगळा स्प्रे लिहून दिला, सूज उतरवणारा. तो हळूहळू लागू पडणार होता, त्याने फटकन नाक उघडेल अशी आशा धरायची नव्हती. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकायचं. टोक मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला. आणि हुंगल्यासारखा हलका श्वास. “तुम्ही आत्तापर्यंत निम्मं औषध पीतच होता,” त्या म्हणाल्या. “आणि दुसऱ्याची बाटली आपल्या नाकात नाही. कधीच.”

“किती दिवस लागतील?” काकांनी विचारलं. त्यांना एवढंच विचारायचं होतं.

“आठवडा, दोन आठवडे. कधी जास्तही. पहिले काही दिवस वाईट जातील. प्रेशर दाखवायला मात्र परवा या.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमना फोन केला. शब्द रात्रीच जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरले. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “काका, पुस्तकाची तारीख जाहीर झालीये. दोन आठवडे मी कसेतरी ओढते. त्यानंतर आवाज लागला नाही तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. आणि मग ते अर्धवट नाही चालणार, सगळंच त्यांच्याकडून वाचून घ्यावं लागेल. राग मानू नका.”

“नाही, नाही. राग कसला,” काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना बसवेना.

मग ते दिवस सुरू झाले. काकांनी आधी उजव्या नाकपुडीतला फवारा बंद केला. ती लगेच भिंत घातल्यासारखी बंद झाली. डावीकडून जेमतेम चाले. काका या खोलीतून त्या खोलीत जात, येताना कशासाठी गेलो ते विसरत. मिठाच्या पाण्याचा फवारा मारत, वाफ घेत, वर्तमानपत्राचं एकच पान तीन-तीनदा वाचत. बायकोने एक सोडून बाकी बाटल्या शेजारच्या घरी नेऊन दिल्या, त्या एकीवर काकांकडूनच ‘डावी’ असं लिहवून घेऊन ती आपल्याकडे ठेवली आणि मागितल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलं. काका मागायला गेले, की ती आधी म्हणे, “उजवीसाठी नाही ना?”

“नाही.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

संध्याकाळी ते फिरायला म्हणून बाहेर पडत आणि पाय आपोआप औषधाच्या दुकानाकडे वळत. दुकानदार ओळखीचा झाला होता. काका काउंटरशी उभे राहत, मागच्या फळीवरच्या बाटल्यांकडे बघत, आणि दुकानदाराने “काय देऊ?” म्हणताच घाबरून “टूथब्रश” म्हणत. आठवडा संपेपर्यंत घरात वीसेक वर्षं पुरतील इतके टूथब्रश झाले. बायकोने ते एका पेल्यात उभे करून ठेवले, फुलं ठेवावीत तसे.

मध्येच मेहुणा आला. पेल्याकडे बघून तो म्हणाला, “ताई, दातांचा दवाखाना काढतेस की काय?” मग काकांकडे वळला. “भाऊजी, डॉक्टरांचं काय ऐकता? मी बघा. ठणठणीत!” पण तोंड उघडं ठेवूनच तो हे म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर गॅलरीत जाऊन नाकात बाटली घालून आला. काका त्याच्याकडे बघत राहिले. आठवड्यापूर्वी त्यांनी यात काही पाहिलं नसतं.

“किती वर्षं झाली रे तुला?” त्यांनी विचारलं.

“कोण मोजतंय?”

“वास येतो तुला? चहाचा, साबणाचा?”

मेहुण्याने जरा विचार केला. “वासाचं काय एवढं,” तो म्हणाला, पण त्यानंतर चहा घेताना त्याने कप उगाचच नाकाशी धरला.

उजवी नाकपुडी एका दुपारी उघडली. वाजत-गाजत नाही, काका चष्मा पुसत होते आणि बायकोने आत कुठेतरी लिंबू कापलं ते त्यांना कळलं. त्यांनी श्वास धरून ठेवला. मग घाईघाईने डावीतलाही फवारा बंद केला. ती काही लगेच ऐकणारी नव्हती. पुन्हा तीच येरझार, तीच खिडकी. दोन आठवडे संपले तेव्हाही डावीकडे जरा दाटलेलंच होतं. पण बाटली न मागता त्यांचे दोन-तीन दिवस गेले होते.

स्टुडिओत कानसेनने नेहमीप्रमाणे पहिल्या दिवसाचं पान ऐकवलं. काकांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं, पण आज कानात वेगळंच वाजलं. आवाज स्वच्छ होता खरा, पण कोरडा, ताणलेला. जणू कुणीतरी घाईत निघालेला माणूस दारात उभा राहून बोलतो आहे.

लाल दिवा लागला. काका वाचू लागले. एक पान, दुसरं. दिवा विझला.

“नाही जुळत,” कानसेन म्हणाला. तो आत आला आणि दाराला टेकून उभा राहिला. “काका, वाईट नाही हं. पण ऐकणाऱ्याला वाटेल, रखवालदार मध्येच बदलला. मशीनवर करून बघितलं मी, तेही फसतंय.”

“मग?”

कानसेनने खिशातून एक नवी, सीलबंद बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर चोरटेपणा नव्हता. उलट, मदत करायला आलेल्या माणसाचा प्रांजळपणा होता. “सहाच प्रकरणं राहिलीत. चार दिवसांत उरकू. एकेक फवारा फक्त वाचायच्या आधी. मॅडम दुपारी फोन करणार आहेत, त्यांना सांगू आवाज लागला. मग तुम्ही जन्मभर हात लावू नका.”

काका बाटलीकडे बघत राहिले. डावी नाकपुडी जणू तिला ओळखून आणखीच दाटली. चार दिवस. पुस्तक आपलं. आणि नाही म्हटलं तर दुपारपर्यंत ते दुसऱ्या कुणाचं. हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला, परत आला, मांडीवर बसेना. शेवटी त्यांनी तो स्वतःच्याच दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

“माझी गोळी वाढवलीये डॉक्टरांनी,” ते म्हणाले. “आणि चार दिवसांनी नाक पुन्हा पहिल्यासारखं. मला पुन्हा ते पंधरा दिवस नाही निभणार.”

“मग काय सांगू मॅडमना?”

“मी सांगतो.”

दुपारी फोन आला तेव्हा काकांनीच तो उचलला. “मॅडम, आवाज जुळत नाही,” ते म्हणाले. “जुळणारही नाही. तो माझा आवाज नव्हता. तुम्ही सगळं नव्याने वाचून घेणारच आहात, तर... तर ते मीच पहिल्यापासून वाचलं तर चालेल का? सकाळ-दुपार दोन्ही वेळा बसेन.”

“कानसेनला द्या,” मॅडम म्हणाल्या.

कानसेनने फोन घेतला. तो काचेपलीकडे जाऊन बोलला, त्यामुळे काकांना फक्त त्याचे ओठ दिसत होते. त्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि खांदे उडवले. खांदे उडवणं हे होकाराचं की नकाराचं, ते काकांना कळेना.

हेडफोनमध्ये खरखर झाली. “शनिवारपर्यंत पहिली तीन प्रकरणं हवीत,” कानसेन म्हणाला. “ती ऐकून त्या ठरवणार. पुढचं काही कबूल नाही.”

“बरं.”

“बरं काय! माझी अकरा प्रकरणं पाण्यात गेली, काका. माझी!”

“हो,” काका म्हणाले. “चूक झाली.”

कानसेनने आत येऊन टेबलावरची बाटली उचलली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बाहेर जाऊन बसला.

काकांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा पहिल्या पानावर उघडलं. लाल दिवा लागला. “दीपगृहात राहायला आलो तेव्हा मी बोलायचं विसरलो होतो,” त्यांनी वाचलं, आणि दिवा लगेच विझला.

“काका, श्वास ऐकू येतोय.”

“कुठून?”

“नाकातून. डावीकडून बारीक शिट्टी वाजतेय.”

“काढता येईल?”

कानसेनने डोळे मिटले, एक बोट हवेत धरलं, आणि ते वाक्य पुन्हा एकदा लावून ऐकलं. काका खुर्चीच्या टोकावर येऊन बसले.

“राहू द्या,” तो म्हणाला. “म्हातारा माणूस आहे. शिट्टी वाजेल जरा. घ्या पुढे.”